जुन्या कॉम्प्युटरवर डायल-अप कनेक्शन: पायऱ्या, एरर नंबर आणि आपल्या दुकानाला त्याचा उपयोग



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर डायल-अप कनेक्शन कसं तयार करायचं ते पाहिलं. व्हिडिओ थांबवून-थांबवून लिहून घ्यायला वैताग येतो, म्हणून सगळ्या पायऱ्या इथे लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

आधी एक प्रश्न मिटवू. प्रत्येकाच्या खिशात मोबाईलचं नेट असताना डायल-अप कशाला शिकायचं?

तुमच्यापैकी बरेच जण ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, प्रिंट असं दुकान टाकायच्या विचारात आहेत. सिरसाळ्यासारख्या गावात अशा दुकानाची खरी परीक्षा वर्षातून मोजक्या दिवशीच होते. पीक विम्याची शेवटची तारीख, स्कॉलरशिपची शेवटची तारीख, भरतीची शेवटची तारीख. त्या दिवशी दारात रांग असते आणि नेमकं नेट बंद पडतं. तुमचं नुकसान एका दिवसाच्या धंद्याचं. पण ज्या शेतकऱ्याचा फॉर्म राहिला, त्याचा अख्खा हंगाम विम्याशिवाय जातो. तो पुढच्या वर्षी तुमच्या दुकानाची पायरी चढणार नाही, आणि चार जणांना सांगेल ते वेगळंच.

अशा वेळी नेट नेमकं कुठे तुटलंय हे ज्याला ओळखता येतं, तो पाच-दहा मिनिटांत मार्ग काढतो. बाकीचे राउटर बंद-चालू करत बसतात. आजच्या फायबरमध्ये जोडणीचं सगळं काम डब्याच्या आत होतं, आपल्याला दिसतात फक्त दिवे. डायल-अपमध्ये तेच काम टप्प्याटप्प्याने समोर दिसतं, कानाला ऐकूही येतं. म्हणून शिकायला डायल-अपसारखी दुसरी सोपी गोष्ट नाही.

थोडी माहिती

आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलकडून. सुरुवात मुंबईसारख्या मोठ्या शहरांत झाली. फोनच्या साध्या तारेवरून कॉल लावायचा आणि त्या कॉलवरून नेट चालवायचं. पुढे बीएसएनएलचं संचारनेट आलं, त्याचा डायल करायचा नंबर होता १७२२३३. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि डायल-अप मागे पडत गेलं. अमेरिकेत एओएल कंपनीने तर ही सेवा थेट ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली, म्हणजे अगदी परवापर्यंत ती चालू होती.

आज हे कनेक्शन विकत घ्यायला कुणी शोधत फिरू नका. घरात किंवा भंगारात जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावर पायऱ्या करून बघा. सेटिंग पूर्ण होईल, कॉल लागणार नाही, आणि एरर येईल. तो एररच आपला धडा आहे.

सामान काय लागतं

१. मॉडेम. कॉम्प्युटरच्या आत कार्ड असतं किंवा बाहेर वेगळा डबा असतो. बाहेरचा असेल तर बहुतेक वेळा त्याचा अडॅप्टर वेगळा लावावा लागतो.
२. लँडलाइनची तार. मॉडेमला बहुधा दोन भोकं असतात. 'लाइन' लिहिलेल्या भोकात भिंतीकडून येणारी तार, 'फोन' लिहिलेल्या भोकात टेलिफोन. उलटं लावू नका. फोनची पिन लहान असते आणि लॅनची मोठी. फोनची पिन लॅनच्या भोकात सैलसर बसते, त्यामुळे फसायला होतं.
३. सेवा देणाऱ्या कंपनीचा डायल नंबर, युजरनेम आणि पासवर्ड.

पायऱ्या (विंडोज एक्सपी)

१. कंट्रोल पॅनल → फोन अँड मॉडेम ऑप्शन्स → मॉडेम्स. आपला मॉडेम निवडा, प्रॉपर्टीज → डायग्नोस्टिक्स → क्वेरी मॉडेम. खाली उत्तराच्या ओळी आल्या तर मॉडेम जिवंत आहे. नाही आल्या तर आधी ड्रायव्हर बघा, पुढे जाऊ नका.
२. त्याच खिडकीत डायलिंग रूल्समध्ये 'टोन' निवडा. फार जुन्या एक्सचेंजला 'पल्स' लागायचं. ऑफिसात बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबावं लागत असेल, तर नंबरच्या आधी शून्य आणि स्वल्पविराम टाका. स्वल्पविराम म्हणजे 'क्षणभर थांब' ही मॉडेमला दिलेली सूचना.
३. कंट्रोल पॅनल → नेटवर्क कनेक्शन्स → क्रिएट अ न्यू कनेक्शन.
४. कनेक्ट टू द इंटरनेट → सेट अप माय कनेक्शन मॅन्युअली → कनेक्ट युजिंग अ डायल-अप मॉडेम.
५. कनेक्शनला नाव द्या, मग फोन नंबर, मग युजरनेम-पासवर्ड. फिनिश.
६. तयार झालेल्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीज → ऑप्शन्समध्ये 'आयडल टाइम बिफोर हँगिंग अप' असतं. काम नसताना किती मिनिटांनी कॉल तोडायचा, ते इथे ठरतं. त्या काळात फोनचं बिल मिनिटामिनिटाने वाढायचं, म्हणून ही सेटिंग म्हणजे गल्ल्याचं कुलूपच होती.
७. आता 'डायल' दाबा.

विंडोज ७ मध्ये रस्ता थोडा वेगळा आहे: कंट्रोल पॅनल → नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर → सेट अप अ न्यू कनेक्शन ऑर नेटवर्क → सेट अप अ डायल-अप कनेक्शन.

डायल दाबल्यावर काय होतं

आधी डायल टोन ऐकू येतो. मग नंबर लागतो. मग तो प्रसिद्ध किर्र-खर्र आवाज येतो. त्यात दोन्हीकडचे मॉडेम कोणत्या वेगाने बोलायचं ते ठरवत असतात. मग आवाज बंद होतो आणि स्क्रीनवर 'युजरनेम अँड पासवर्ड तपासत आहे' अशा अर्थाची ओळ येते. शेवटी कॉम्प्युटरची नेटवर्कवर नोंद होते, म्हणजे त्याला पत्ता मिळतो.

म्हणजे कड्या चारच. चार शब्द पाठ करा: तार, समोरचा, ओळख, पत्ता. नेट बंद पडलं की यातली एखादी कडी तुटलेली असते. आणि तपासायचं नेहमी याच क्रमाने. तार तुटलेली असताना पासवर्ड बदलत बसून काही होत नाही.

एरर नंबर वाचायला शिका

- ६८०: डायल टोन नाही. कडी: तार. लाइन बंद आहे, नाहीतर पिन चुकीच्या भोकात आहे.
- ६३३: मॉडेम दुसऱ्या प्रोग्रामकडे अडकलाय किंवा नीट बसवलेला नाही. आपल्या बाजूचा दोष.
- ६७६: लाइन बिझी. कडी: समोरचा. थोड्या वेळाने परत लावा.
- ६७८: समोरून उत्तर नाही. कडी: समोरचा. नंबर तपासा, मग तार परत बघा.
- ६९१: युजरनेम-पासवर्ड नाकारला. कडी: ओळख. तार आणि समोरचा दोन्ही ठीक आहेत, हे यातून आपोआप कळतं.

आता महत्त्वाची गोष्ट. यातले काही नंबर आजही येतात! डायल-अपमध्ये ओळख पटवण्याची जी पद्धत होती तिला पीपीपी म्हणतात. आज फायबरवाले राउटरमध्ये जे युजरनेम-पासवर्ड भरून देतात, त्या सेटिंगचं नाव पीपीपीओई. तीच पद्धत, फक्त फोनच्या कॉलऐवजी इथरनेटवरून. राउटर न वापरता थेट कॉम्प्युटरवरून ब्रॉडबँड जोडलं, तर ६९१ आजही येतो. विंडोज ७ वर ६५१ दिसला तर आधी केबल आणि मॉडेम तपासायचा.

फायबरच्या दुकानात हेच चार शब्द

तार: फायबरच्या डब्यावरचा 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला तर प्रकाश येत नाहीये. वायर पिनेजवळ दुमडली आहे का ते बघा. बाहेर कुठे तुटली असेल तर ते काम आपलं नाही, लगेच तक्रार नोंदवा.

समोरचा: 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा हवा. लुकलुकत राहिला तर समोरच्या मशीनशी जोडणी झालेली नाही.

ओळख: दिवे ठीक, पण इंटरनेट नाही. आधी बघा, रिचार्ज संपलाय का? राउटर रिसेट केला असेल तर युजरनेम-पासवर्ड पुसला गेलेला असतो. तो एका कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. रांग लागलेली असताना कस्टमर केअरला फोन लावून तो विचारण्यात अर्धा तास जातो.

पत्ता: कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग लिहून पुढे आठ डॉट आठ डॉट आठ डॉट आठ इंग्रजीत टाइप करा. उत्तर आलं पण वेबसाइट नावाने उघडत नाही, तर लाइन चालू आहे आणि डीएनएसमध्ये अडचण आहे. सगळ्या साइट उघडतात आणि एकच सरकारी पोर्टल उघडत नाही, तर दोष तुमच्या नेटचा नाही. ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा आणि इतर साइट उघडून दाखवा. लोकांना खरं सांगितलेलं आवडतं.

वेगाचा हिशोब

डायल-अपचा मॉडेम ५६ केचा म्हणायचे. म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट. आठ बिटचा एक बाइट, म्हणून जास्तीत जास्त ७ केबी. अपलोड तर त्याहून हळू, ३३.६ किलोबिट, म्हणजे साधारण ४ केबी. त्या वेगाने २ एमबीचं स्कॅन चढवायला आठ मिनिटं लागली असती. तेच स्कॅन २०० केबीचं केलं तर पाऊण मिनिट.

आजचा वेग खूप जास्त आहे, पण शेवटच्या तारखेला पोर्टलवर गर्दी असते आणि मोबाईलची रेंज एक काडी असते. तेव्हा गणित हेच लागू पडतं. ३०० डीपीआयऐवजी १५० डीपीआयला स्कॅन केलं तर ठिपके चौथाईच राहतात आणि फाइल बरीच हलकी होते. अक्षर वाचता येतंय ना, एवढं तपासा. दुसरी सवय: ग्राहकाचे फोटो, सह्या, कागद आधी ऑफलाइन तयार करून फोल्डरमध्ये ठेवा, मग पोर्टल उघडा. डायल-अपवाले लोक मेलसुद्धा आधी लिहून ठेवायचे आणि मग कॉल लावायचे.

जुना कॉम्प्युटर कुठे वापरायचा

एक्सपीचा आधार कंपनीने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. क्रोमच्या नव्या आवृत्त्याही २०२३ पासून विंडोज ७ वर चालत नाहीत. म्हणून अशा कॉम्प्युटरवर बँकेचं, आधारचं किंवा ग्राहकाच्या पासवर्डचं काम करू नका. टायपिंग, प्रिंट, स्कॅन, बिलं यासाठी तो खुशाल वापरा. सगळंच नवीन घ्यायला कर्ज काढायची गरज नाही.

कामाला साजेसं साधन निवडायचं, याचं आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण बघा. १९९८ मध्ये वारणा भागात, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावागावात कॉम्प्युटर केंद्रं उभी राहिली, मुख्य उपयोग उसाच्या माहितीचा. पुढे 'वारणा अनवायर्ड' नावाच्या प्रयोगात सात गावांत आठ महिने तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिलं. ते स्वस्त पडलं आणि शेतकऱ्यांना जास्त आवडलं. माहिती थोडीशीच होती, त्यासाठी अख्खा कॉम्प्युटर लागत नव्हता.

दुसरा रस्ता तयार ठेवा

समजा एका फॉर्मचे ५० रुपये, तासाला ६ फॉर्म. नेट तीन तास बंद राहिलं तर ९०० रुपये गेले. फायबर ज्या कंपनीचं आहे, तिच्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम एका साध्या अँड्रॉइड फोनमध्ये चालू ठेवा. फोन केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करा. लाइट गेली तर फोन बॅटरीवर चालतो, लॅपटॉप असेल तर काम थांबतच नाही.

गृहपाठ

१. चार कड्या आणि प्रत्येकीसाठी कुणाला फोन करायचा, त्याचा कागद करून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा.
२. दुकान बंद केल्यावर फायबर मुद्दाम काढा आणि मोबाईलवरून एक पान उघडायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा.
३. पाच मिनिटांच्या आत झालं नाही, तर उद्या परत करा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका.