शेजाऱ्यांनी बोलायचं कधी?

प्रश्न : निवडणूक हरलेला राष्ट्राध्यक्ष खुर्ची सोडत नसेल, तर त्यात पडण्याचा अधिकार शेजारच्या देशांना कोण देतं? ‘ही त्यांची अंतर्गत बाब’ म्हणून सगळेच हात झटकतात. प्रादेशिक संघटनेमुळे एखादा रक्तपात खरोखर टळल्याचं उदाहरण आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आहे, आणि ते फार जुनंही नाही. पश्चिम आफ्रिकेत गाम्बिया नावाचा चिमुकला देश आहे. गाम्बिया नदीच्या दोन्ही काठांनी तो पट्टीसारखा पसरलेला आहे आणि समुद्राची बाजू सोडली, तर तिन्ही बाजूंनी सेनेगलने वेढलेला आहे. याह्या जामे या लष्करी अधिकाऱ्याने 1994 मध्ये बंड करून तिथली सत्ता घेतली आणि पुढची 22 वर्षं सोडली नाही.

या देशात मतदान गोट्यांनी होतं. प्रत्येक उमेदवाराचं रंगवलेलं, त्याचा फोटो लावलेलं पत्र्याचं पिंप असतं. मतदार आडोशाला जाऊन आपल्या पिंपाच्या नळीत काचेची एक गोटी टाकतो. ती आतल्या घंटेवर आपटते आणि ‘टण्’ असा आवाज होतो. दोनदा आवाज आला, तर बाहेर बसलेल्यांना लगेच कळतं. 1 डिसेंबर 2016 च्या निवडणुकीत या गोट्यांची मोजणी पहिल्यांदाच मतदान केंद्रावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली. हा बदल दिसायला किरकोळ, पण माझ्या मते पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. केंद्राकेंद्रावरचे आकडे लोकांनी पाहिलेले होते. ते राजधानीत बसून फिरवणं अवघड होतं.

विरोधकांचे अदामा बॅरो जिंकले. जामे यांनी दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला आणि आठवड्याभरात, 9 डिसेंबरला, शब्द फिरवला. निकाल रद्द, निवडणूक पुन्हा घ्या, असं ते म्हणाले. सैनिकांनी निवडणूक आयोगाची कचेरी ताब्यात घेतली. दाद मागायची तर सर्वोच्च न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच नव्हते. हजारो माणसं पोराबाळांसह सरहद्द ओलांडून सेनेगलमध्ये जाऊ लागली.

आता तुमचा मुख्य प्रश्न, अधिकाराचा. पश्चिम आफ्रिकी देशांची इकोवास ही संघटना 1975 मध्ये व्यापारासाठी निघाली. पण लायबेरिया आणि सिएरा लिओनमधली यादवी युद्धं पाहिल्यावर तिथल्या नेत्यांना एक गोष्ट उमगली : शेजारी पेटला की निर्वासित, बंदुका आणि लुटारू आपल्याच दारात येतात. म्हणून 1999 मध्ये त्यांनी संघर्ष रोखण्याचा करार केला आणि 2001 मध्ये लोकशाही व सुशासनाचा. सत्ता फक्त निवडणुकीतूनच मिळवायची, घटनाबाह्य मार्गाने मिळवलेली किंवा टिकवलेली सत्ता मानायची नाही, मतदानाआधीच्या सहा महिन्यांत बहुसंख्य राजकीय घटकांच्या संमतीशिवाय निवडणूक कायद्यात मोठे फेरफार करायचे नाहीत, हे त्यात लिहून ठेवलं. अधिकार आला तो इथून. त्यांनीच तो आधी, शांत डोक्याने, एकमेकांना दिला होता. आपल्याकडच्या सार्कच्या सनदेत नेमकं उलट कलम आहे : द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेतून वगळावेत. त्यामुळे वेळ येते तेव्हा सार्कपाशी बोलायला आधारच नसतो.

13 डिसेंबरला जामे यांना भेटायला चार राष्ट्राध्यक्ष गेले. लायबेरियाच्या एलन जॉन्सन सरलीफ, नायजेरियाचे बुहारी, सिएरा लिओनचे कोरोमा आणि घानाचे जॉन महामा. यातले महामा जेमतेम चार दिवसांपूर्वी स्वतः निवडणूक हरले होते आणि त्यांनी तो कौल मान्य केला होता. ‘हरलात, आता उठा’ हे सांगायला याहून योग्य माणूस कुठून आणायचा?

बोलणी लांबली, पण सोबत तयारीही चालू होती. 19 जानेवारी 2017 ला बॅरो यांचा शपथविधी सेनेगलची राजधानी डाकार इथल्या गाम्बियाच्या वकिलातीत झाला. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने, आधी राजकीय मार्ग वापरा असं बजावून, इकोवासच्या प्रयत्नांना एकमताने पाठिंबा दिला. सेनेगल, नायजेरिया, घाना वगैरे देशांच्या फौजा सरहद्द ओलांडून शिरल्या आणि मध्येच थांबल्या. शेवटची शिष्टाई गिनीचे अल्फा कोंडे आणि मॉरिटानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी केली. गाम्बियाच्या सेनापतींनीही आपले जवान लढणार नाहीत, असं सांगून टाकलं होतं. 21 जानेवारीला जामे विमानात बसले. युद्ध झालंच नाही. सरहद्दीपलीकडे गेलेली कुटुंबं घरी परतू लागली.

एवढं सांगून थांबलो, तर मात्र तुम्हाला अर्धंच उत्तर मिळेल. ज्या कोंडे यांनी जामे यांना जायला राजी केलं, त्यांनीच 2020 मध्ये नवी घटना आणून स्वतःसाठी तिसऱ्या कारकिर्दीची वाट मोकळी केली. लोक रस्त्यावर उतरले, माणसं मारली गेली, आणि इकोवासने कोंडे यांना रोखलं नाही. पुढच्याच वर्षी लष्कराने त्यांना हटवलं, तेव्हा निर्बंध लगेच आले. सैनिकाच्या बंडाला शिक्षा आणि खुर्चीवरच्या माणसाने कागदावर केलेल्या बंडाला सूट, हे सामान्य माणसाच्या ध्यानात येणारच. 2023 मध्ये नायजरमधल्या बंडानंतर इकोवासने सात दिवसांची मुदत दिली, नायजेरियाने वीज तोडली. झळ बसली ती घराघरांना आणि दवाखान्यांना. सेनाधिकारी जागचे हलले नाहीत. जानेवारी 2025 मध्ये लष्करी राजवटीखालचे माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तीनही देश संघटनेतून रीतसर बाहेर पडले.

गाम्बियात जिंकलेला उमेदवार समोर होता, लोक त्याच्या मागे होते, हट्टाला पेटलेला माणूस एकटा पडला होता. नायजरमध्ये शेजारी जागे झाले, तोवर सत्ता बंदूकधाऱ्यांच्या हातात गेलेली होती. माझं ठाम मत असं, की शेजाऱ्यांनी बोलायची खरी वेळ फार आधी येते : कारकिर्दीची मर्यादा पुसली जाते, न्यायालयांतल्या जागा रिकाम्या ठेवल्या जातात, निवडणूक आयोगावर दडपण येतं, तेव्हा. दोनच कारकिर्दींची मर्यादा सर्व सदस्य देशांना लागू करावी, असा प्रस्ताव इकोवासपुढे 2015 मध्ये आला होता. टोगो आणि जामे यांच्या गाम्बियाने विरोध केला आणि तो बारगळला. जामे गेल्यावर गाम्बियात अशी मर्यादा घालणारा नव्या घटनेचा मसुदा तयार झाला, पण सप्टेंबर 2020 मध्ये संसदेत त्याला पुरेशी मतं मिळाली नाहीत. बॅरो यांची आधीची वर्षं त्या मर्यादेत धरायची की नाही, हा त्यातल्या वादाचा एक मोठा मुद्दा होता.