उपनगर वसते कसे? इंदूरचा एक जुना धडा

शहरालगतच्या गावांतून शेतजमिनींवर नव्या वसाहती उभ्या राहत आहेत. आराखड्यात रस्ते, बगीचा, शाळेची जागा असे सर्व काही सुबक रेखाटलेले असते. प्रत्यक्षात घरे आधी होतात, रस्ता मागाहून येतो आणि बगीच्याच्या जागेवर दगडविटांचे ढीग पडतात. काही वर्षांनी ती जागा मोकळी ठेवावयाची होती, हेही कोणाच्या स्मरणात उरत नाही. कुटुंबाने सुखाने राहावे अशी वस्ती कशी घडते, याचा बारकाईने विचार शंभर वर्षांपूर्वी होळकरांच्या इंदुरात झाला होता.

दरबाराने त्यासाठी पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकारांस पाचारण केले. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी १९१६ साली बडोद्याचा अहवाल लिहिला होता. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. नकाशा काढण्यापूर्वी पाहणी, हा त्यांचा दंडक. गल्लीबोळ ते स्वतः पायी हिंडत. वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध असे. मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावी, तेथे लहानसा चौक मोकळा करावा, झाड लावावे, एवढ्याने वस्ती श्वास घेऊ लागते, असे त्यांचे मत होते. अंगणातील तुळस निगुतीने जोपासणारे घर त्यांना आरोग्याचे उत्तम लक्षण वाटे.

त्या काळी शहरावर प्लेगचे सावट होते. गेडीस यांनी दिवाळीत मिरवणूक योजिली आणि ती नेहमीच्या मार्गाने न जाता, ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील तेथून जाईल, असे जाहीर केले. मग काय, घरोघर साफसफाईची चढाओढच लागली! मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, घाणीचा राक्षस होता. आणि सफाई कामगार शुभ्र वस्त्रे लेऊन, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. दंडाच्या नोटिशीने जे क्वचितच साधते, ते येथे सणाने साधले. पुढे २०१७ साली राष्ट्रीय स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर प्रथम आले, तेही घरोघरी वर्गीकृत कचरा गोळा करण्याच्या बळावर.

नव्या वसाहतीत सोयी किती आहेत यापेक्षा त्या कोणाच्या पावलांच्या टप्प्यात आहेत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. सहा वर्षांच्या मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता येते काय? आजोबांना सायंकाळी टेकावयास सावलीतील बाक आहे काय? पाणी, दिवे, अंगणवाडी, दवाखाना यांची मागणी सर्वच करतात. बगीच्याला पाणी कोण घालणार व गटार कोण उपसणार, हा प्रश्न मात्र बहुधा अनुत्तरित राहतो. तो भूखंड विकले जाण्यापूर्वीच विचारावयास हवा.

शिक्षकांस हा विषय वर्गात घेता येईल. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरापासून शाळा, नळ, दुकान व खेळाचे मैदान किती पावलांवर आहे ते मोजावे आणि वस्तीचा एक मोठा नकाशा करून त्यावर ते आकडे मांडावेत. मोकळ्या जागा हिरव्या रंगाने दाखवाव्यात. मंजूर आराखड्याची प्रत मिळवून ती या नकाशाशेजारी ग्रामसभेच्या दिवशी भिंतीवर लावावी.