ड्रोनचा नकाशा आणि आपल्या शिवाराचा उतार



पाटपाणी आले, ऊस वाढला; पण खालच्या अंगाची राने पाणथळ होऊन मीठफुटीने पांढरी पडू लागली, हे आपण सारेच पाहतो. अशा वेळी आम्ही सांगतो, चर काढा. पण चर कुठून कुठे काढायचा? ते उतारावर ठरते. आणि उतार एका बांधावर उभे राहून कळत नाही, त्याला सगळे शिवार मोजावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात समपातळी रेषा साधारण २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. आपल्या रानातला फरक हात-दोन हातांचा. तो त्यात सापडायचा कसा?

या हंगामात कृषी अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी इंटर्नशिपसाठी शेती विभागाकडे आले होते. त्यांना हेच काम दिले. त्यातून आम्ही जे शिकलो ते सभासदांपुढे ठेवतो.

ड्रोनने उंची कशी मोजतात?

ड्रोन शिवारावरून सरळ ओळींत फिरतो आणि एकमेकांवर चढणारे फोटो घेतो. एकच ढेकूळ अनेक फोटोंत निरनिराळ्या बाजूंनी दिसते. आपल्या दोन डोळ्यांना जसा खोलीचा अंदाज येतो, तसाच संगणक या फोटोंवरून उंची काढतो. मात्र त्याला आधार लागतो. म्हणून जमिनीवर ठळक खुणा मांडून त्यांची जागा व उंची उपग्रहाच्या साह्याने चालणाऱ्या अचूक यंत्राने आधी मोजतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उभ्या उसावरून ड्रोन उडवला तर कॅमेऱ्याला शेंड्याची पातळी दिसते, जमिनीची नाही. म्हणून मोजणी तोडणीनंतर, खोडवा रान झाकण्याआधी करावी. आपल्याकडे सगळे फड एकदम तुटत नाहीत. ज्या फडांत ऊस उभा होता, तिथे मुलांनी बांधाबांधाने डंपी लेव्हलने पातळ्या घेतल्या.

चूक झाली, ती कशी सापडली?

पहिला नकाशा रंगीत आणि देखणा झाला. शिवाराच्या मध्यभागी खोलगट भाग दिसत होता. खरे सांगायचे तर मीही त्याला भुललो. चराची आखणी त्यावरूनच करायला निघालो होतो. तेवढ्यात खालच्या अंगाचे एक वयस्कर सभासद म्हणाले, "पोरांनो, मधे खड्डा म्हणताय, पण माझ्या हयातीत तिथं पाणी थांबलेलं नाही. थांबतंय ते माझ्या रानात."

मुलांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी डंपी लेव्हल लावली, तर तात्यांचे म्हणणे खरे निघाले. खुणा फक्त शिवाराच्या कडेला मांडल्या होत्या, मध्ये एकही नव्हती. शिवाय सगळे फोटो सरळ खाली पाहून घेतलेले. अशा वेळी भिंगाच्या बारीक दोषामुळे नकाशा मध्येच खचतो किंवा फुगतो. पुन्हा मोजणी केली, मध्ये खुणा मांडल्या, काही फोटो तिरपे घेतले. काही खुणा नकाशात न वापरता फक्त तपासणीसाठी राखून ठेवल्या. तेव्हा कुठे उतार जुळला. पहिल्या नकाशावर चर खणला असता तर खर्च झाला असता, आणि तात्यांचे रान होते तसेच पाण्यात राहिले असते.

सेन्सरचा उपयोग

उतार कळला तरी मीठ किती, हे कळत नाही. त्यासाठी मुलांनी सखल जागी जमिनीत सेन्सर खोचून ओल व विद्युत वाहकता पाहिली. हे वाचन इशाऱ्यापुरतेच. नक्की आकडा प्रयोगशाळेतल्या माती परीक्षणाचाच. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसीसायमनच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. पण ऊस १.७ च्या पुढेच मार खाऊ लागतो. म्हणजे पांढरा थर दिसेपर्यंत थांबणे परवडणारे नाही.

सभासदांनी काय करावे?

१) तोडणी झाली की गट कार्यालयात लगेच कळवावे.
२) रानात मांडलेल्या खुणा काम होईपर्यंत हलवू नयेत.
३) पावसाळ्यात पाणी कुठे थांबते, ते मोजणीच्या वेळी हजर राहून दाखवावे.
४) ड्रोन कुणाकडूनही उडवून घेऊ नये. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे यंत्राची नोंदणी लागते. हिरव्या क्षेत्रातही १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय उडवता येत नाही.

शेवटचे आणि महत्त्वाचे. नकाशा उतार दाखवील, पण चराला वाट देणार नाही. ती वरच्या व खालच्या शेजाऱ्यांनी एकत्र बसून द्यायची आहे. वरच्या रानाचे जादा पाणीच खालच्या रानात मीठ आणते, हे नकाशावर आता सर्वांना दिसले आहे. तेव्हा पुढच्या लागणीपूर्वी शिवारवार बैठक घेऊ. नकाशा घेऊन मी येतो, तुम्ही मन मोकळे ठेवून या.

आपला,
ऊस विकास अधिकारी