न दुखणारी गाठ : घरच्या बायकांची तपासणी कधी आणि कशी?



माती परीक्षण, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा हे आपले नेहमीचे विषय. या वेळचा विषय घरातला आहे आणि तो चारचौघांत काढायला आपल्याला संकोच वाटतो. स्तनाचा कर्करोग वेळेत कसा शोधावा, त्याबद्दल सरकारचा नियम काय आहे आणि तो तसा का ठरला, हे आपण समजून घेऊ.

त्रास नसताना तपासणी कशाला?

काणी रोग शोधायला आपण फड वाळायची वाट पाहत नाही. ऊस हिरवागार असतानाच सऱ्यांतून फेरी मारतो. इथंही तसंच आहे. बाईला काही त्रास नसतानाच तपासायचं, यालाच दवाखान्यात स्क्रीनिंग म्हणतात. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. "दुखत नाही, मग कशाला दाखवायचं?" असं बाई म्हणते, आपणही मान डोलावतो आणि तेवढ्यात वर्ष निघून जातं. भारतात २०२२ साली या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज आहे.

नियम काय सांगतो?

केंद्र सरकारने २०१६ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीची ५ वर्षांतून एकदा तपासणी व्हावी. ती प्रशिक्षित आरोग्यसेविकेने हाताने करायची असते. काही वेगळं लागलं तर पुढं डॉक्टर, सोनोग्राफी आणि गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं.

मग मॅमोग्राफी का नाही?

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे. अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने २००९ साली ५० ते ७४ वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी ती करायला सांगितलं. २०२४ साली तेच वय ४० वर आणलं. म्हणजे नियम दगडावरची रेघ नसते. फायदा किती, खोटी धास्ती किती आणि खर्च किती, असा हिशेब करून तो ठरतो.

आपला हिशेब वेगळा आहे. आपल्याकडं हा रोग पुष्कळदा कमी वयात होतो आणि कमी वयात त्या एक्स-रेमध्ये गाठ नीट ओळखू येत नाही. यंत्रं आणि ती वाचणारे डॉक्टर गावोगावी नाहीत. शिवाय खेड्यात रोगाचं प्रमाण शहरापेक्षा कमी आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तिच्यातही हे दिसलं. पण कमी म्हणजे नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

नुसत्या हाताने काय साधतं?

हे मुंबईत पाहिलं गेलं. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाची आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हाताने तपासणी केली. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. न तपासलेल्या गटात शंभरातले ४७ रुग्ण रोग बराच वाढल्यावर सापडले होते. तपासलेल्या गटात हा आकडा ३७ झाला. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झालं. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यू घटल्याचं ठामपणे दिसलं नाही.

यातून आम्हाला दोन गोष्टी घ्याव्याशा वाटतात. एक, घरातल्या थोरल्या बायकांना वगळू नका. "आता म्हातारपणी कशाला?" म्हणून आपण आईला, सासूबाईंना घरीच ठेवतो. फायदा सगळ्यात जास्त दिसला तो त्याच वयात. दुसरी, प्रयोगात तपासणी दर दोन वर्षांनी होती, नियमात पाच वर्षं आहेत. म्हणून पाच वर्षांचा नियम कमीत कमी समजावा.

घोडं अडतं कुठं?

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत एकीचीही अशी तपासणी कधी झालेली आढळली नाही. प्रमाण होतं ०.९ टक्का. नियम कागदावर आहे, पण उपकेंद्राची पायरी चढायची ती आपल्यालाच.

आपण काय करायचं?

१. आशाताईंना विचारून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा दिवस ठरवा. गळीत हंगाम लागला की बायकांना सवड नसते, म्हणून तोडीच्या आधीच उरका.

२. स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्ताळ पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर पाच वर्षं मोजू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आई किंवा बहिणीला हा रोग झाला असेल, तर तेही सांगा.

३. भिऊ नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. बायोप्सीची सुई लावली की रोग पसरतो, हा समज खरा नाही. लवकर सापडलं तर पुष्कळदा पूर्ण स्तन काढावाही लागत नाही.

४. खर्चापायी थांबू नका. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

५. आपल्या फडात तोडीला येणाऱ्या भगिनी सहा-सहा महिने गावाबाहेर असतात. त्यांनाही जवळचं उपकेंद्र दाखवा.

ऊस नोंद करायची राहिली तर आपण गट ऑफिसला चार हेलपाटे घालतो. घरच्या लक्ष्मीसाठी एक हेलपाटा जास्त नाही. सभासदांनी हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवावं, ही विनंती.