घरची गाय : निवड आणि आगमन

घरी एक दुभती गाय असावी आणि मुलाबाळांस घरचे सकस दूध मिळावे, अशी इच्छा आपल्या डोणगावच्या परिसरातील पुष्कळ पालकांची असते. बाजारात गेल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न 'दूध किती देते?' हाच असतो. आमच्या मते त्याआधी स्वतःस विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : 'आपल्या घरी चारा व पाणी किती?'

हा प्रश्न मागे राहिला म्हणजे काय होते, हे विदर्भाने पाहिले आहे. सन २००६ मध्ये पंतप्रधानांनी येथील सहा संकटग्रस्त जिल्ह्यांसाठी साहाय्य जाहीर केले; त्यांत आपला बुलढाणाही होता. त्या योजनेत निम्म्या किमतीचे अनुदान देऊन अधिक दुधाची जनावरे शेतकऱ्यांस देण्यात आली. हेतू उत्तम होता; परंतु कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या अनेक घरी दुधाच्या उत्पन्नापेक्षा खुराकाचाच खर्च अधिक होऊ लागला, आणि आधार म्हणून आलेली गाय भार होऊन बसली.

विद्यार्थ्यांनी पुढील हिशेब करून पाहावा. गाईस रोज तिच्या वजनाच्या शेकडा अडीच भाग तरी कोरडा आहार लागतो. २४० किलो वजनाच्या देशी गाईस तो ६ किलो, तर ४०० किलोच्या संकरित गाईस १० किलो होतो. म्हणजे वर्षास अनुक्रमे सुमारे २२ व साडेछत्तीस क्विंटल. घरचा कडबा व कुटार याच्याशी ताडून पाहावे. चारा बेताचा असेल, तर लातूरकडील देवणी, नांदेडकडील लाल कंधारी किंवा वर्ध्याकडील गवळाऊ यांसारखी ऊन सोसणारी गाय बरी. तिचे दूध कमी असेल, पण ती घरास झेपेल.

गाय दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची निवडावी. तुंबलेल्या कासेवर भुलू नये. सायंकाळी कास पूर्ण रिकामी करवून घ्यावी व दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळची धार आपल्यासमोर मोजावी. चारही सडांच्या पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्याव्यात. गुठळ्या किंवा रक्त दिसल्यास कासेस रोग आहे असे समजावे. सांसर्गिक गर्भपात व क्षय यांची तपासणी पशुवैद्यांकडून करवावी, आणि कानातील बिल्ल्यावरील बारा अंकी क्रमांक टिपून घ्यावा. दुभत्या गाईच्या लाथा गोड, अशी म्हण आहे. पण जेथे धार काढण्यास लहान मुले बसणार, तेथे गाय गरीब स्वभावाचीच पाहिजे.

तिला उन्हाच्या वेळी आणू नये, व वासरू सोबतच आणावे. जुन्या धन्याकडील थोडा चारा मागून घ्यावा आणि आठदहा दिवसांत हळूहळू आपल्या चाऱ्यावर वळवावे. पहिले काही दिवस दूध घटल्यास रागावू नये. नव्या जागी तीही बुजते. घरी इतर जनावरे असल्यास तीन आठवडे तिला वेगळी बांधावी. सन २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेल्या लंपी रोगाने ही सावधगिरी शिकविली आहे. दूध मात्र नेहमी उकळूनच प्यावे.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाय बारा महिने दूध देत नाही. भाकड काळातही तिला पोट असतेच. ज्याने चाऱ्याचा हिशेब आधी केला, त्याच्या दावणीला ती त्या महिन्यांतही सुखाने उभी राहते.