न मागतां आलेला ओटीपी

फेरफाराची नोटीस घरीं आली असतां जो खातेदार ती वळचणीस खोंचून ठेवितो, त्यास पुढें सात-बारावर परक्याचें नांव पाहण्याचा प्रसंग येतो, हें महसूल खात्याच्या चाकरींत प्रस्तुत लेखकानें पुष्कळदां पाहिलें आहे. हल्लीं तशीच एक नोटीस मोबाईलवर येते. आपण कांहीं मागितलेलें नसतां ओटीपी येतो; एकदां नव्हे, एका रात्रींत चार-पांचदां.

पेरणीच्या दिवसांत हसनाबादेस लेखकास हाच अनुभव आला. सकाळीं एका अनोळखी इसमाचा फोन आला, "अनुदान अडकलें आहे, आलेला आंकडा सांगा." आंकडा सांगितला नाहीं म्हणून निभावलें. परंतु दोष आपलाही होता. ईमेल, बँक व अनुदानाचे अर्ज या सर्वांस एकच पासवर्ड होता, आणि तो अर्ज भरून देणाऱ्याच्या वहींतही लिहिलेला होता.

अशा ओटीपीचा अर्थ काय? ज्या खात्यास केवळ मोबाईल नंबर व ओटीपी लागतो, तेथें कोणाजवळ आपला नंबर आहे एवढेंच ठरतें. परंतु जेथें पासवर्ड बरोबर दिल्यावरच ओटीपी निघतो, तेथें पहिलें कुलूप उघडलें आहे असें समजावें. एका ठिकाणचे पासवर्ड फुटले कीं चोर तेच पासवर्ड यंत्राच्या साह्यानें शेंकडों ठिकाणीं लावून पाहतात. म्हणून पुढील उपाय त्याच दिवशीं करावे.

१. फोनवर मागणाऱ्यास ओटीपी कदापि सांगूं नये. केंद्रावर काम करवितांना तो स्वतःच्या हातानें भरावा.

२. संदेशांतील दुव्यास स्पर्श करूं नये. पी. एम. किसानच्या नांवानें आलेली एपीके फाईल उघडूं नये.

३. पासवर्ड बदलावे, प्रथम ईमेलचा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड त्यावाटे बदलतां येतात. प्रत्येक खात्यास निराळा व लांब पासवर्ड ठेवावा, आणि सर्व उपकरणांवरून खातें बंद करून पुन्हां उघडावें.

४. आधारचे बायोमेट्रिक माय-आधार संकेतस्थळावरून कुलूपबंद करावें. गरजेपुरतें उघडतां येतें. कुलूप असेपर्यंत आपल्या अंगठ्याच्या ठशावर पैसे निघत नाहींत. आधार कोठें वापरलें गेलें, त्याच्या मागील सहा महिन्यांच्या नोंदीही तेथें पाहाव्या.

५. पैसे गेल्यास तत्काळ बँकेस व १९३० या क्रमांकावर कळवावें, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें असें ठरविलें कीं, ग्राहकाची व बँकेची चूक नसतां तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास नुकसान ग्राहकावर पडूं नये. मात्र ग्राहकानेंच ओटीपी दिला असल्यास, कळवीपर्यंतचें नुकसान त्याचेंच.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६-क प्रमाणें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून तक्रार करण्यास संकोच धरूं नये.

पीकविमा, अनुदान व पीककर्ज हीं सर्व आज एका मोबाईलवर येऊन ठेपलीं आहेत. मुदतींत हरकत घेणाऱ्याची जमीन वांचते. खात्याचेंही तसेंच आहे.