गुडूची आणि यकृत : एक पुनर्विचार

गुडूची ही आपल्या नित्य व्यवहारातील वनस्पती. जीर्णज्वर, कामला, वातरक्त, प्रमेह यांपैकी कोणताही रुग्ण समोर आला की आपली लेखणी संशमनी वटी, अमृतारिष्ट वा गुळवेल सत्त्वाकडे सहज वळते. तिक्त-कषाय रस, मधुर विपाक, उष्ण वीर्य आणि तरीही त्रिदोषशामक, असे हे द्रव्य. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत तिच्या स्वरसाचा समावेश केला आहे. 'अमृता' या पर्यायनामाचा प्रभाव तर इतका की तिच्याविषयी शंका उपस्थित करणे आपल्याला जवळजवळ पातक वाटते. तथापि २०२१ पासून यकृतविकारतज्ज्ञांनी नेमकी अशी शंका उपस्थित केली आहे आणि तिचे उत्तर रागावून देता येणार नाही. यकृत व गुडूची यांविषयी जे संशोधन झाले त्याचा क्रमाने विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रारंभ मुंबईपासूनच करावा लागतो. परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडूचीवर दीर्घकाळ कार्य केले. वृक्षांवरील ललित लेखनामुळे डहाणूकर यांचे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. औषधशास्त्रातील त्यांचे कार्य मात्र आपल्यापैकी अनेकांनी मुळातून वाचलेले नसते. पित्तमार्गाच्या अवरोधाने होणाऱ्या कामलेत (आपल्या परिभाषेत शाखाश्रित कामलेशी काहीसे साम्य असलेल्या अवस्थेत) शस्त्रकर्मानंतर रुग्ण दगावतो तो पुष्कळदा जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यामुळे. अवरोधामुळे शरीरातील भक्षक पेशींचे सामर्थ्य क्षीण झालेले असते. ते वाढविता आले तर शस्त्रकर्म अधिक सुरक्षित होईल, असा या संशोधकांचा तर्क होता. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांना पित्तनिर्हरण व प्रतिजैविके हे नेहमीचे उपचार मिळाले. एका गटास त्याशिवाय शरीरभाराच्या दर किलोस १६ मि. ग्रॅ. या प्रमाणात गुडूचीचा घनसार दररोज मुखावाटे देण्यात आला. पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, गुडूची घेतलेल्या गटात एकातही नाही. शस्त्रकर्मानंतर जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ४० व ९२.४ टक्के होते.

रुग्णसंख्या अल्प होती, हे खरे. परंतु येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे, जी व्याख्यानांतून ही आकडेवारी सांगताना आपण बहुधा वगळतो. दोन्ही गटांतील यकृताच्या कार्यात लक्षणीय अंतर नव्हते. म्हणजे गुडूचीने येथे यकृताची प्रत्यक्ष दुरुस्ती केली असे नव्हे. तिने शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतविली.

या यंत्रणेचा पुढील धागा तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात सापडतो. तेथील शास्त्रज्ञांनी १९९९ साली गुडूचीच्या कांडातील एका बहुशर्करेची रचना व तिची प्रतिकारपेशींना उत्तेजित करण्याची क्षमता प्रसिद्ध केली. नागपूर येथे ७५ रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲलर्जीजन्य प्रतिश्यायातही गुडूचीचा लाभ दिसला; त्याचा विस्तार येथे करीत नाही. मुद्दा एवढाच की गुडूची प्रतिकारयंत्रणेवर कार्य करते हे आपणच, आपल्याच राज्यातील संशोधनाच्या आधारे, अभिमानाने सांगत आलो.

मग २०२० साल उजाडले. कोविडच्या भयाने घरोघरी गुळवेलीचे काढे शिजू लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आयुष मंत्रालयाच्या मार्गदर्शिकेत गुडूची घनवटीची मात्रा दिलेली होती आणि सेवनाचा कालावधीही मर्यादित होता. लोकांनी मात्रा लक्षात ठेवली, कालावधी विसरले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृतशोथाचे सहा रुग्ण आढळले. सर्वांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हे वृत्त प्रसिद्ध होताच मंत्रालयाने आक्षेप घेतला की सेवन केलेली वनस्पती गुडूचीच होती हे सिद्ध केलेले नाही. आक्षेप रास्त होता. परंतु पुढे १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला व त्यात हाती आलेल्या नमुन्यांचे रासायनिक पृथक्करणही करण्यात आले. सेवनारंभापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. कार्यकारणसंबंध ६७.४ टक्के रुग्णांत 'संभाव्य' या श्रेणीत बसला. यकृताच्या ऊतिपरीक्षणात स्वयंप्रतिकारजन्य यकृतशोथासारखे स्वरूप वारंवार आढळले आणि काहींना हा विकार आधीपासून सुप्तावस्थेत असावा असे लेखकांनी नोंदविले.

'लाखो लोकांनी गुळवेल घेतली, त्यांत त्रेचाळीस म्हणजे काय?' असा प्रश्न आमच्या अनेक वैद्यबंधूंनी बैठकांत विचारला. किती जणांनी घेतली याचा हिशेब कोणाजवळच नसल्याने अपायाचे प्रमाण काढता येत नाही. ते अल्प असावे असे आम्हांसही वाटते. परंतु जो अल्पसंख्य रुग्ण आपल्यासमोर बसला आहे त्याला ओळखावयाचे कसे, हाच चिकित्सकाचा प्रश्न आहे. परळच्या रुग्णालयात जो गुण जीवनदायी ठरला, तोच स्वतःच्या यकृतावर उलटलेल्या प्रतिकारयंत्रणेस आणखी चेतविणार, हे तर्कास धरून आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्रथमाध्यायीच बजावले आहे की नाम, रूप व गुण यांनी अज्ञात असलेले औषध अनर्थास कारण होते, आणि ज्ञात असूनही अयोग्य रीतीने योजलेलेही तसेच. आपण पहिल्या अर्ध्याचा आधार घेऊन भेसळीकडे बोट दाखविले. दुसऱ्या अर्ध्याकडे फारसे पाहिले नाही.

अर्थात पहिला अर्धाही महत्त्वाचा आहेच. आग्नेय आशियात व आपल्या ईशान्य भागात आढळणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जाती गुडूचीसारखीच दिसते आणि तिच्या सेवनाने यकृतास अपाय झाल्याची वृत्ते अन्य देशांतून प्रसिद्ध झाली आहेत. तिच्या कांडावर ठळक गाठी असतात व दुधाळ स्राव निघतो. गुडूचीचे ताजे कांड हिरवट असते, त्यावर तशा गाठी नसतात व दुधाळ स्रावही नसतो. गुडूचीची फळे गोल व लाल, क्रिस्पाची लांबट व नारिंगी. पद्मगुडूची ही तिसरी जाती, तिची पाने लवदार. आडव्या छेदातील चक्राकृतीवरून गुडूचीस 'चक्रलक्षणिका' म्हणतात खरे, परंतु ते चक्र तिच्या भगिनीजातींतही दिसते, म्हणून केवळ वाळलेल्या चकत्या पाहून निर्णय करू नये. चूर्ण झाल्यावर तर सूक्ष्मदर्शक व वर्णलेखन यांवाचून गत्यंतर नाही. बाजारात मात्र प्रत्येक विक्रेत्याची गुळवेल कडुनिंबावरचीच असते. एवढे कडुनिंब महाराष्ट्रात उरले असतील असे वाटत नाही.

आता आमच्या चुकीविषयी. २०२० च्या पावसाळ्यात आम्ही एका मध्यमवयीन भगिनीस घनवटी लिहून दिली. अवटुग्रंथीच्या विकारासाठी त्यांची गोळी चालू होती, हे केसपेपरवर आमच्याच हस्ताक्षरात नोंदलेले होते. तो विकार स्वयंप्रतिकारजन्य आहे काय, हे आम्ही विचारले नाही. औषध केव्हा थांबवावयाचे तेही लिहिले नाही. पाचव्या महिन्यात अरुची, ग्लानी व मूत्राची पीतता घेऊन त्या परत आल्या. 'डॉक्टर, तुम्ही बंद करा असं म्हणालाच नाहीत,' हे त्यांचे वाक्य. तपासणीत एएलटी कित्येक पटींनी वाढलेले आढळले. गुळवेल थांबवून त्यांना यकृतविकारतज्ज्ञांकडे पाठविले. काही आठवड्यांत आकडे उतरले. कारण गुळवेलच होते असे एका रुग्णावरून सिद्ध होत नाही, पण ते नव्हते असेही आम्हांस म्हणता आले नाही.

तेव्हापासून गुडूची लिहिण्यापूर्वी आम्ही आमवात, अवटुग्रंथीचा स्वयंप्रतिकारजन्य विकार, किटिभसदृश त्वग्रोग, पूर्वीची कामला व मद्यसेवन यांची पृच्छा करतो. यांपैकी काही असल्यास, किंवा अवयवरोपणानंतर प्रतिकारशमन करणारी औषधे चालू असल्यास, ती वर्ज्य करतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ द्यावयाची असल्यास आधी बिलिरुबिन व एएलटी पाहतो, महिन्याने पुन्हा पाहतो. चूर्णाची मात्रा आयुर्वेदीय औषधिकोशातील ३ ते ६ ग्रॅमच्या मर्यादेतच ठेवतो आणि घरी काढा, बाजारची गोळी व आमची वटी अशी तिहेरी गुळवेल चालू नाही ना, हे विचारून घेतो. बहुतेक वेळा दोन तरी चालू असतात. चिठ्ठीवर औषध संपण्याची तारीख लिहितो आणि तिच्याखाली, मूत्र पिवळे झाल्यास त्याच दिवशी येण्याची सूचना.